घटक ६ : नटाची वाणी – डॉ. श्रीराम लागू यांचा रंगभूमी आणि चित्रपट यांतील प्रवास

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नाट्यसंहितेचा अभ्यास केला. संहिता छापील असते आणि ती कोणालाही घरी बसून वाचता येते. प्रयोगात मात्र ती नटाच्या मुखातून प्रकट होते. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. त्यांपैकी वाचिक अभिनयाचा भाषेच्या अभ्यासाशी सर्वांत निकटचा संबंध आहे, आणि मराठीचे विद्यार्थी म्हणून आपल्याला त्याची ओळख असणे आवश्यक आहे. तत्त्वचर्चेने हा विषय कोरडा होतो असा माझा अध्यापनाचा अनुभव आहे. म्हणून या घटकात आपण एका नटाच्या जीवनाच्या आणि कारकिर्दीच्या आधाराने त्याकडे पाहणार आहोत. हा नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांना दूरचित्रवाणीवरील जुन्या हिंदी चित्रपटांत वडील, न्यायाधीश किंवा डॉक्टर म्हणून पाहिले असेल. ही त्यांची अर्धीच, आणि माझ्या मते दुबळी, ओळख आहे. मराठी रंगभूमीवर त्यांनी जे केले ते समजून घेण्यासाठी कान तयार करावा लागतो. हा घटक वाचताना शक्य असेल तेथे उदाहरणे मोठ्याने म्हणून पाहावीत, मनातल्या मनात वाचू नयेत, अशी माझी सूचना आहे.

६.२ जीवनरेखा

श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयानंतर त्यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे कान, नाक व घसा यांच्या शस्त्रक्रियेत विशेष शिक्षण घेतले. महाविद्यालयीन काळातच त्यांना नाटकाची ओढ लागली होती. पुण्यातील भालबा केळकर आणि त्यांचे सहकारी यांच्या समवेत ते 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' या हौशी संस्थेत काम करू लागले. याच संस्थेने १९५७ साली वसंत कानेटकरांचे पहिले नाटक 'वेड्याचं घर उन्हात' रंगभूमीवर आणले आणि त्यातील प्रमुख भूमिका लागूंनी केली.

व्यवसाय आणि छंद असे दोन्ही मार्ग बरीच वर्षे समांतर चालू होते. पुण्यातील वैद्यकीय व्यवसाय, कॅनडा व इंग्लंड येथील पुढील प्रशिक्षण, त्यानंतर टांझानियातील टाबोरा येथे शल्यचिकित्सक म्हणून केलेली नोकरी, हा सारा क्रम पाहिला तर एका यशस्वी डॉक्टरचे चरित्र आपल्यासमोर उभे राहते. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी वैद्यकीय व्यवसाय बाजूला ठेवला आणि पूर्ण वेळ नट होण्याचा निर्णय घेतला. कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाने व्यावसायिक रंगभूमीवरील त्यांची वाटचाल सुरू झाली.

या निर्णयाजवळ क्षणभर थांबू या. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. चाळिशीनंतर नव्या कामाला हात घालणाऱ्याला लोक प्रथम 'आता कशाला?' असेच विचारतात. त्या काळी मराठी नटाचे उत्पन्न अनिश्चित होते. शस्त्रक्रियेच्या कौशल्यावर चालणारे सुस्थितीतील घर सोडून दौऱ्याच्या गाडीत बसणे हे धाडस होते. परंतु ते आंधळे धाडस नव्हते, हेही लक्षात घ्या. त्यामागे सुमारे दोन दशकांचा हौशी रंगभूमीवरील सराव होता. चरित्रलेखक अशा प्रसंगांना 'अचानक घेतलेली झेप' म्हणतात. सनावळी नीट मांडली की झेप बहुधा लांब चालत आलेल्या वाटेवरचे पुढचे पाऊल ठरते.

१९७४ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. पुढे संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्तीही त्यांना लाभली. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सन्मानांची यादी आणखी वाढवता येईल, परंतु परीक्षेत ती पाठ म्हणून दाखवणाऱ्या उत्तराला मी फारसे गुण देत नाही. कारकिर्दीचा गाभा भूमिकांत आहे. आता त्यांच्याकडे वळू.

६.३ 'नटसम्राट' : बोलीच्या पातळ्या आणि शोकांतिका

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात प्रथम सादर झाले. निर्मिती 'दि गोवा हिंदू असोसिएशन'ची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. गणपतराव बेलवलकर लागूंनी उभे केले आणि कावेरी शांता जोग यांनी. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कथानक आपल्याला ठाऊक आहे. निवृत्त नट आपली मिळकत मुलांमध्ये वाटून टाकतो. प्रथम मुलाच्या आणि नंतर मुलीच्या घरी तो आणि त्याची पत्नी अडगळ ठरतात. मुलीच्या घरी तर चोरीचा संशयही त्यांच्यावर घेतला जातो. दोघे घर सोडतात, कावेरी जाते आणि रस्त्यावर आलेल्या बेलवलकरांना बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा आधार मिळतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी या कथानकाचे नाते समीक्षकांनी वारंवार दाखवले आहे. शिरवाडकरांचा शेक्सपिअरशी परिचय जुना होता. 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' आणि पुढे 'ऑथेल्लो' ही त्यांची रूपांतरे 'नटसम्राट'च्या आधीची आहेत.

आपल्याला येथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे : बेलवलकर कोणत्या भाषेत बोलतात? भाषाविज्ञानात आपण 'प्रयुक्ती' ही संकल्पना पाहिली. प्रसंग, विषय आणि श्रोता यांनुसार एकाच व्यक्तीची भाषा बदलते. कचेरीतली भाषा वेगळी, स्वयंपाकघरातली वेगळी, सभेतली वेगळी. बहुतेक माणसे हे बदल नकळत करतात. बेलवलकरांनी मात्र चाळीसेक वर्षे राजे, सेनापती आणि खलनायक यांची भाषा तोंडात घोळवली आहे. ती भाषा त्यांच्याबरोबर घरी येते. पत्नीला ते 'सरकार' म्हणून हाक मारतात. दिवाणखान्यातल्या साध्या गोष्टीलाही त्यांच्या तोंडी रंगमंचाची लय येते. जोवर नाट्यगृह भरलेले आहे तोवर ही भाषा म्हणजे वैभव आहे. मुलाच्या नोकरदार घरात हीच भाषा 'आवाज' ठरते, पाहुण्यांसमोर लाज आणणारी ठरते. नातीला ती आवडते, कारण लहान मुलांना भाषेचा खेळ कळतो. सुनेला ती सहन होत नाही. 'नटसम्राट' ही घर गमावल्याची शोकांतिका आहे, यात शंका नाही. मला ती प्रयुक्ती बदलता न आलेल्या माणसाचीही शोकांतिका वाटते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे लागूंच्या कामाची अवघड बाजू ध्यानात येते. संपूर्ण नाटक उंच स्वरात म्हटले, तर बेलवलकर हास्यास्पद होतील. सगळे घरगुती स्वरात म्हटले, तर ते नटसम्राट राहणार नाहीत. या भूमिकेची जी चित्रमुद्रणे उपलब्ध आहेत ती ऐकताना माझ्या कानाला जाणवते ती पातळ्यांमधील ये-जा. वाक्य संस्कृतप्रचुर शब्दांनी सुरू होते, मध्येच आवाज उतरतो, आणि शेवटचे दोन शब्द एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्याने कोणालाही न उद्देशून म्हणावेत तसे येतात. प्रेक्षक हसतो तो पहिल्या अर्ध्या वाक्याला, आणि गप्प होतो तो दुसऱ्याला. हे सगळे संहितेत छापलेले नसते. तेथे फार तर एखादे टिंब असते.

पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली. २०१६ साली महेश मांजरेकरांच्या चित्रपटात ती नाना पाटेकरांनी केली. प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा आहे. विद्यार्थ्यांनी शक्य असल्यास एकाच स्वगताची दोन मुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. कोण श्रेष्ठ हा वाद बाजूला ठेवा. कोण कोठे श्वास घेतो, तेवढेच वहीत टिपा.

६.४ श्वास, आघात, विराम

वरील सूचना थोडी स्पष्ट करतो. आपण बोलतो ते शब्दांच्या नव्हे, श्वासगटांच्या रूपात. एका श्वासात जेवढे शब्द एकत्र उच्चारले जातात तेवढे अर्थाचे एक गाठोडे होते. पुढील साधे वाक्य घ्या : 'मी त्याला माझं घर दिलं.' आता 'मी'वर भार देऊन म्हणा. दुसऱ्या कोणी नव्हे, मी दिले, असा अर्थ होतो. 'त्याला'वर भार दिला तर 'इतरांना नाही' ही छटा येते. 'घर'वर दिला तर 'शेत नव्हे, घर' असे सूचित होते. 'दिलं'वर दिला तर उपकाराची किंवा पश्चात्तापाची छटा येते. चार वेळा तेच पाच शब्द, आणि अर्थ चार.

मराठीला आणखी एक सोय आहे. भार दाखवण्यासाठी आपल्याकडे 'च', 'ही', 'तर', 'देखील' अशी अव्यये आहेत, आणि शब्दक्रम बदलूनही आपण जोर देऊ शकतो : 'घर दिलं मी त्याला.' येथे व्याकरणानेच काम केलेले आहे. सामान्य नट 'मीच दिलं' या वाक्यातील 'मीच'वर पुन्हा आवाजाचा भार देतो आणि वाक्य दुहेरी वजनाने वाकते. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण हे नेहमी ऐकतो. लागूंसारखा नट अव्ययाला त्याचे काम करू देतो आणि आवाज राखून ठेवतो. त्यांच्या वाचिक अभिनयात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती ही काटकसर.

उच्चाराविषयीही एक गोष्ट नोंदवावी. मराठी लिपीत 'च', 'ज', 'झ' यांचे दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवले जातात. 'जग' म्हणजे विश्व या अर्थी 'ज' तालव्य आहे. 'जग' म्हणजे 'जगत राहा' या अर्थी तो दंततालव्य आहे. बेलवलकरांच्या प्रसिद्ध स्वगतात जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, आणि तेथे हा 'ज' चुकला तर जाणकाराच्या कानाला खडा लागतो. छापील पानावरून हा भेद कळण्याचा मार्ग नाही. तो कानावाटे येतो, किंवा कष्टाने शिकावा लागतो.

येथे आपल्या भागाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आपल्यापैकी बरेच विद्यार्थी बोदवड, मुक्ताईनगर, जामनेर, भुसावळ या पट्ट्यातील आहेत. घरी लेवा गणबोली किंवा तावडी बोलली जाते. पश्चिमेकडच्या विद्यार्थ्यांची अहिराणी आहे. लेवा गणबोलीत 'ळ'चा 'य' होतो : डोळा–डोया, केळी–केयी. 'ण'चा 'न' होतो : पाणी–पानी. चतुर्थीचा 'ला' तेथे 'ले' होतो : मला–मले. या बदलांना नियम आहेत. ते जिभेच्या आळसाने होत नाहीत. बहिणाबाई चौधरींची कविता याच बोलीच्या कुशीतून आली, हे आपण पहिल्या वर्षी शिकलो आहोत.

बोदवड येथील एका संपर्क सत्रात मी 'नटसम्राट'मधील कावेरीचे काही संवाद वाचायला सांगितले होते. चाळिशीच्या एका विद्यार्थिनीने पुस्तक हाती घेतले. सकाळी जिनिंगमधले काम आटोपून ती आली होती. दुसऱ्याच ओळीत 'ळ'चा 'य' झाला आणि मागच्या बाकावरचे दोघे हसले. ती थांबली. मी तिला पुस्तक मिटायला सांगितले आणि विचारले, 'कावेरी जर आपल्या गावची असती, तर नवऱ्याला काय म्हणाली असती?' ती उभी राहिली आणि बोलली. तीनचार वाक्येच असतील, सर्व आपल्या बोलीतली. वर्गात कोणी हसले नाही. त्यानंतर तिने तोच उतारा पुन्हा पुस्तकातून वाचला. या वेळी 'ळ' कोठे आला आणि कोठे नाही, याकडे माझेसुद्धा लक्ष राहिले नाही, कारण विराम योग्य जागी पडत होते. प्रमाण उच्चार शिकण्याजोगा आहेच, आणि तुम्ही तो शिकावा असे मी सांगेन. अर्थ कोठे थांबतो ते मात्र तिला आधीपासून माहीत होते.

ब्रिटिश रंगभूमीचा दाखला येथे उपयोगी पडेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटांनी शेक्सपिअरच्या काव्याचा जो घोटीव उच्चार रूढ केला, तो इंग्लंडच्या दक्षिणेकडील सुशिक्षित वर्गाचा होता. १९५६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्नचे 'लुक बॅक इन अँगर' आले. त्यानंतरच्या काळात अल्बर्ट फिनीसारखे उत्तरेकडील औद्योगिक गावांतून आलेले नट प्रमुख भूमिकांत दिसू लागले, आणि प्रादेशिक उच्चार केवळ विनोदी नोकराच्या वाट्याला देण्याची प्रथा ढिली झाली. आपल्याकडेही पुणेरी उच्चाराची मक्तेदारी मोडली, पण ती वेगळ्या वाटेने. लोकनाट्य, तमाशाप्रधान चित्रपट आणि निळू फुले यांच्यासारखे नट ही ती वाट होती. तिच्याकडे आपण लवकरच येऊ.

६.५ प्रस्थापितापलीकडे : 'गिधाडे' ते 'सूर्य पाहिलेला माणूस'

'नटसम्राट'च्याच सुमारास, १९७० मध्ये, लागूंनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' दिग्दर्शित केले आणि त्यात भूमिकाही केली. एकीकडे शिरवाडकरांची काव्यमय वाक्ये आणि दुसरीकडे शिव्या, ओरबाडणे आणि तुटक संवाद यांनी भरलेले कुटुंब, असे दोन टोकांचे काम एकाच नटाने एकाच काळात केले. नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने 'गिधाडे'तील अनेक बाबींवर आक्षेप घेतले. गर्भपाताच्या प्रसंगातील साडीवरचा लाल डाग हा त्यांपैकी एक. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले की, हा निळा डाग लाल समजावा. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे सूत्र आपण दुसऱ्या घटकात पाहिले. त्याचे इतके खट्याळ उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही.

१९७२ साली कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनावर बेतलेल्या या नाटकात लागूंनी नानासाहेब भानू ही भूमिका केली आणि बायोची भूमिका पुन्हा शांता जोग यांच्याकडे होती. १९७४ मध्ये गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' त्यांनी दिग्दर्शित केले. त्यातील चौकशीला सामोरा जाणारा डावा प्राध्यापकही त्यांनीच साकारला. हे नाटक जवळपास संपूर्णपणे प्रश्नोत्तरांवर उभे आहे. घटना कमी, वाद अधिक. असा संवाद म्हणणे फार कठीण असते, कारण प्रेक्षकाने विचाराची साखळी ऐकता ऐकताच पकडायची असते आणि त्याला पान मागे उलटण्याची सोय नसते. उपवाक्यांनी लांबलेल्या वाक्यात मुख्य क्रियापद येईपर्यंत श्रोत्याचे लक्ष टिकवणे, हे मराठीत नटाचे विशेष कसब आहे, कारण आपल्या भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येते.

प्रेमानंद गज्वी यांचे 'किरवंत' लागूंनी दिग्दर्शित केले. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याच्याच जातीत मिळणारी अस्पृश्यता हा त्या नाटकाचा विषय आहे. वयाची सत्तरी ओलांडल्यानंतर मकरंद साठे यांच्या, अतुल पेठे दिग्दर्शित 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात ते सॉक्रेटिस म्हणून उभे राहिले. विवेकवादी विचारांसाठी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीसाठी त्यांनी आयुष्यभर जाहीर भूमिका घेतली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ईश्वर या संकल्पनेवर त्यांनी व्यासपीठावरून संवाद केले. त्यामुळे प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा झालेला सॉक्रेटिस त्यांच्या तोंडी परका वाटला नाही. तुम्हाला त्यांची मते पटावीत असा अभ्यासक्रमाचा आग्रह नाही. नटाची निवड आणि नागरिकाची निवड येथे एकाच रेषेवर येतात, एवढे मात्र नोंदवून ठेवा.

याच ओघात सामाजिक कृतज्ञता निधीचा उल्लेख करावा लागेल. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून हा निधी उभारण्यात आला. त्यासाठी लागू, निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी आदी कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. निव्वळ हास्यासाठी लिहिलेल्या नाटकातून कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटावी, ही कल्पना मला आजही आवडते.

६.६ पडदा : 'पिंजरा', 'सामना' आणि निळू फुले

चित्रपटात लागू तसे उशिरा आले. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ साली प्रदर्शित झाला. १९३० च्या 'द ब्ल्यू एंजल' या जर्मन चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना त्यात मराठी मातीत रुजवलेली आहे. गावाला सुधारू पाहणारा आदर्श शिक्षक तमाशातील नर्तकीकडे ओढला जातो आणि फडात तुणतुणे धरण्याच्या अवस्थेला पोहोचतो. अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो शिक्षा पत्करतो, कारण गावाने पुतळा करून पुजलेला 'गुरुजी' त्याला मोडायचा नाही. आरंभीचे गुरुजी पुस्तकी मराठीत बोलतात. जसजसे ते घसरत जातात तसतसे त्यांचे बोलणेच कमी होते. या भूमिकेत वाणीचा अभ्यास मौनाच्या अंगाने करावा लागतो.

जब्बार पटेल दिग्दर्शित, तेंडुलकर लिखित 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कोठून तरी येऊन पडलेला मद्यपी मास्तर म्हणजे लागू. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी मास्तर विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नाने सत्तेचा सारा डोलारा हलतो. या चित्रपटात दोन वाणी आमनेसामने येतात. निळू फुले सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आलेले. त्यांचा स्वर घशातून, आडून येतो, शब्द अर्धे गिळले जातात आणि धमकीही आपुलकीच्या सुरात दिली जाते. लागूंचा मास्तर शब्द पूर्ण उच्चारतो. दारूच्या अमलातही त्याचे व्यंजन शाबूत असते. एक वाणी गावावर राज्य करणाऱ्याची आहे, दुसरी फक्त शिक्षण उरलेल्याची. प्रमाण भाषा म्हणजे सत्तेची भाषा हे समीकरण आपण घाईने मांडतो. 'सामना'त ते उलटे झालेले दिसते. साखर कारखान्याच्या आवारात प्रमाण भाषा बोलणारा माणूसच सर्वांत दुबळा आहे. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये, अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारित त्या राजकीय चित्रपटात, लागू अर्थमंत्री झाले आणि निळू फुले पत्रकार. तेथे दोघांच्या जागा बदलल्या. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहण्यासारखे आहेत.

हिंदी चित्रपटांविषयी थोडक्यात सांगतो. मराठी-हिंदी मिळून शंभराहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा' (१९७७) मधील भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तो अपवाद चांगला आहे. उरलेल्यांतील बहुसंख्य भूमिकांनी त्यांच्या आवाजाचा भारदस्तपणा वापरला आणि बुद्धी वापरलीच नाही, असे माझे मत आहे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. त्याच चित्रपटात गिलगुड लॉर्ड आयर्विन आहेत आणि गांधींच्या भूमिकेत रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेले बेन किंग्जली आहेत. त्यांचे जन्मनाव कृष्ण भानजी आणि पितृकुल गुजराती. तीन वेगवेगळ्या रंगपरंपरांतून आलेले इंग्रजी उच्चार एका पडद्यावर ऐकण्याची ही संधी आहे. पुण्याचे गोखले ज्या घरंदाज संथपणे इंग्रजी बोलले असतील असे आपल्याला वाटते, तसे ते बोलणे आहे.

६.७ 'लमाण' : शीर्षकाचा अर्थ

मराठीत नटांच्या आत्मचरित्रांची समृद्ध परंपरा आहे. गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका', साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी', हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', दुर्गा खोटे यांचे 'मी दुर्गा खोटे' ही काही नावे आपण मागे पाहिली. २००४ साली पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले लागूंचे 'लमाण' याच परंपरेत येते. मात्र त्याचा भर खासगी जीवनापेक्षा कामावर आहे. नाटक कसे निवडले, तालमी कशा झाल्या, भूमिका कोठे सापडली आणि कोठे निसटली, हा त्याचा खरा विषय आहे.

शीर्षक मात्र आपल्या परिसरातील वाचकाला अधिक बोलके वाटावे. जामनेर, पाचोरा, चाळीसगाव या तालुक्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि लमाण हे त्याच समाजाचे एक नाव आहे. 'लवण' म्हणजे मीठ, यावरून हा शब्द आला अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक मुलूख ओलांडत असत. माल एकीकडून उचलावा आणि दुसरीकडे पोहोचवावा, हा त्यांचा व्यवसाय. नटाने स्वतःला लमाण म्हणवून घेणे म्हणजे माल नाटककाराचा आहे, आपण वाहक आहोत, असे सांगणे होय.

हा नम्रपणा आहे, पण तो पूर्णपणे स्वीकारता येईल का? ज्याने बाजार पाहिला आहे त्याला ठाऊक असते की, वाहतुकीत मालाचे बरेच काही होते. मीठ पावसात विरघळते, धान्य सांडते, आणि निष्काळजी वाहकाच्या हाती दिलेले चांगले पीकही बाजारात पडक्या भावाने जाते. मालाची राखण करणे, कोणत्या वाटेने जायचे ते ठरवणे, योग्य वेळी पोहोचणे हे लमाणाचेच ज्ञान होते आणि ते कोणत्याही शेतकऱ्यापाशी नव्हते. शिरवाडकरांचे शब्द छापील पुस्तकात आजही जसेच्या तसे आहेत. १९७० साली ते ज्या श्वासाने प्रेक्षकांपर्यंत गेले तो श्वास त्या पुस्तकात नाही. म्हणून शीर्षकातील रूपक मला लागूंनी मानले त्याहून मोठे वाटते.

६.८ स्वाध्याय

पुढील कामे आपल्या सोयीने करावीत. उत्तरे संपर्क सत्रापूर्वी लिहून आणावीत.

'नटसम्राट'मधील कोणतेही एक स्वगत निवडा. प्रथम ते छापील विरामचिन्हांनुसार वाचा, नंतर आपल्या श्वासगटांनुसार पेन्सिलीने रेघा मारून पुन्हा वाचा. दोन्ही वाचनांत अर्थाचा भार कोठे सरकला, ते दीडशे ते दोनशे शब्दांत लिहा.

आपल्या घरातील किंवा शेजारच्या साठीपुढील एखाद्या व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे, त्यांची परवानगी घेऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. त्यात 'ळ', 'ण' आणि चतुर्थीचा प्रत्यय कसा उच्चारला जातो ते नोंदवा. बोली सुधारून लिहू नका. जशी ऐकू येते तशीच देवनागरीत उतरवा.

'सामना' पाहून मास्तर आणि हिंदुराव यांच्या भाषेची तुलना करा. कोण कोणाला कोणत्या सर्वनामाने संबोधतो, आणि ते संबोधन चित्रपटात कोठे बदलते, याकडे विशेष लक्ष द्या. चित्रपट उपलब्ध न झाल्यास आपल्या गावच्या ग्रामसभेत किंवा बाजार समितीत ऐकलेल्या एखाद्या संवादावर हाच प्रश्न सोडवला तरी चालेल. तेथील नावे मात्र बदलून लिहावीत.